नगरपरिषदेचं काम ‘मंजूर झालं’ म्हणजे नेमकं कुठवर आलं? कागदावरून बातमी कशी पडताळायची?

गल्लीवार्ता

आमची नगरपरिषद ‘ब’ वर्गातली, म्हणजे लोकसंख्या ४० हजार ते १ लाख यांच्या मधली. काही प्रभागांसाठी मिळून दर रविवारी एका पानाचं वार्तापत्र निघतं आणि त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मजकूर येतो नगरसेवकांच्या पोस्टमधून, जिल्हा पुरवणीच्या कात्रणांतून आणि चौकातल्या चर्चेतून. या तिन्हींचा मेळ बसत नाही. एकच रस्ता तीनदा मंजूर होतो, दोनदा नारळ फुटतो, खडी मात्र पडत नाही.

विचारायचं आहे ते असं: विषयपत्रिका कशी वाचायची, ठरावाची प्रत कशी मिळवायची, आणि काम कुठल्या टप्प्यावर आहे हे इंजिनिअर नसलेल्या माणसानं कसं ओळखायचं? कृपया ‘माहिती अधिकार टाका’ एवढ्यावर थांबू नका. अर्जात काय लिहायचं तेही सांगा.

आवकजावक

सुरुवात विषयपत्रिकेपासून करा. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी काढावी लागते (महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५, कलम ८१). कार्यालयाच्या फलकावर ती लागते. तिचा फोटो घ्या, म्हणजे मागाहून एखादा विषय घुसला तर दाखवता येतो. सभा लोकांना खुली असते. पीठासीन अधिकारी प्रेक्षकांना बाहेर जायला सांगू शकतात, पण तसं सांगितलेलं नसेल तर मागं बसून टिपणं घेता येतात. चित्रीकरणाचं मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर वाद त्याचाच होतो आणि विषय बाजूला राहतो.

विषय क्र. १ बहुतेक वेळा ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. सगळे तो सोडून पुढं जातात. सभेत जे बोललं गेलं आणि कागदावर जे उतरलं त्यांतला फरक इथंच दिसतो, आणि सदस्यांना तो दुरुस्त करायची संधीही इथंच मिळते. म्हणून एका सभेची टिपणं पुढच्या सभेपर्यंत जपून ठेवा.

आता विषयांची भाषा. ‘विचारविनिमय करून निर्णय घेणे’ असं लिहिलं असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही. ‘प्राप्त निविदा दरास मंजुरी देणे’ म्हणजे निविदा उघडून झाली, ठेकेदार जवळजवळ पक्का. ‘शासनाकडे शिफारस करणे’ म्हणजे पैसे नगरपरिषदेकडे नाहीत, पत्र जाणार आहे एवढंच. ‘मुदतवाढ देणे’ दिसलं की मूळ कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या लेखी आदेशाची) तारीख शोधा, खरी बातमी तिथं असते. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे काम किंवा खर्च होऊन गेलाय, सभेची फक्त सही हवी आहे. तिच्या टिपणीत कलम ५८(२) असेल तर नगराध्यक्षांनी तातडीच्या अधिकारात आदेश दिलेला असतो. अशा वेळी तातडी कसली होती ते विचारा. मुख्य जलवाहिनी फुटली तर प्रश्नच नाही, पण स्वागत कमानीला कसली आलीय तातडी?

शेवटचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. जागा भाड्यानं देणं, ठेक्याला मुदतवाढ, दर मंजुरी अशा मोठ्या गोष्टी इथून गेल्या तर ठळक छापा, कारण त्या नोटिशीत नव्हत्या. ठरावाला आक्षेप असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपरिषद शाखेत द्यायचा आणि सोबत ठरावाची प्रत जोडायची. प्रत नसली की अर्ज नुसता फिरत राहतो.

ठरावात सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते’ की ‘बहुमताने’ हे बघाच. सभेबाहेर विरोध केल्याचं सांगणाऱ्याचं नाव विरोध नोंदवणाऱ्यांत आहे का, ते तिथं कळतं.

प्रशासक असतानाच्या काळातले निर्णयही ठराव म्हणूनच नोंदलेले असतात, पण त्यांना चर्चा नसते. २ डिसेंबर २०२५ ला मतदान होऊन आता पुन्हा सदस्य आलेत. आज ‘आम्ही मंजूर केलं’ म्हणून सांगितलं जाणारं बरंच काम त्या प्रशासकीय ठरावांतलं असू शकतं, तेव्हा ठराव क्रमांक आणि तारीख मागा.

मोजमापवही

आवकजावक यांनी सभागृहापर्यंत आणून सोडलंय, पुढचं मी सांगतो.

वार्तापत्रात ‘मंजूर’ हा शब्द बंद करा आणि टप्पा लिहा. प्रशासकीय मान्यता म्हणजे अमुक कामावर अमुक निधीतून इतक्या रकमेपर्यंत खर्च करायला परवानगी. तांत्रिक मान्यता म्हणजे परिमाणं आणि दर सक्षम अभियंत्यानं तपासले. त्यानंतर निविदा, मग करारनामा आणि कार्यादेश. कार्यादेशावर ठेकेदार, रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत) असतो. काम सुरू झाल्याची बातमी कार्यादेशाशिवाय छापू नका, मग नारळ कुणीही फोडलेला असो. भूमिपूजनाला कार्यादेश लागत नाही, जेसीबीला लागतो.

एकच रस्ता तीनदा का दिसतो? तो वेगवेगळ्या निधीच्या याद्यांत टाकलेला असतो: नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती सुधारणा, वित्त आयोग, आमदार निधी. जिथून आधी पैसे येतील तिथून करायचा आणि बाकीच्या यादीतून काढायचा, असा हिशेब असतो. काढायचं राहिलं की घोटाळ्याला जागा होते. कामाचं नाव ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’ असं असतं. याद्या समोर ठेवून दोन्ही टोकं आणि लांबी ताडून बघा. टोकांची अदलाबदल करून किंवा एका टोकाला घराऐवजी मंदिराचं नाव घालून तोच तुकडा पुन्हा आलेला असू शकतो. नकाशावर रेघ मारली की लगेच कळतं.

निविदेसाठी महाटेंडर्स हे राज्याचं संकेतस्थळ आहे. तिथं आपल्या नगरपरिषदेच्या नावानं शोधा. नुसती सूचना वाचून थांबू नका, शुद्धिपत्रकं उघडा, कारण तारीख आणि पात्रतेच्या अटी त्यांत बदलतात. तांत्रिक लिफाफा (पात्रतेचे कागद) उघडल्याची आणि आर्थिक लिफाफा (ठेकेदाराचा दर) उघडल्याची तारीख वेगळी असते. तीनपेक्षा कमी निविदा आल्या की बहुधा मुदतवाढ किंवा फेरनिविदा होते. ‘काम रखडलं’ या ओरडीमागं कितीदा तरी एवढंच कारण असतं. बाकीची नेहमीची कारणं: निधी मंजूर आहे पण वितरित नाही, रस्त्याखालची जलवाहिनी किंवा गटार आधी टाकायचं आहे, जागा नगरपरिषदेच्या ताब्यात नाही, किंवा आचारसंहितेआधी कार्यादेश निघाला नाही.

दर अंदाजपत्रकापेक्षा बराच कमी आला की ‘नगरपरिषदेचे इतके लाख वाचले’ अशी बातमी देतात. घाई करू नका. खूप कमी दराच्या निविदेला अतिरिक्त सुरक्षा अनामत भरावी लागते. ती भरली का, हे विचारा. भरली नसेल तर कार्यादेश अडकेल. भरली असेल तरी काम अर्धवट सुटायचा धोका राहतोच.

जागेवर काय बघायचं? आधी माहिती फलक. फलकावर निधी, रक्कम, ठेकेदार आणि मुदत हवी. मग टेप. काँक्रीटचा रस्ता १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड असेल तर १०० × ४ × ०.१५ = ६० घनमीटर. ६ घनमीटरचा ट्रान्झिट मिक्सर असेल तर १० खेपा. दिवसभरात सातच खेपा आल्या आणि रस्ता पूर्ण झाला, तर जाडी साधारण साडेदहा सेंटिमीटर भरते. हे कुणीही कट्ट्यावर बसून मोजू शकतं. मात्र मिक्सर प्रत्येक वेळी पूर्ण भरलेला असतोच असं नाही, म्हणून चलनावरचा आकडा धरा. कडेचे साचे ओतण्याआधी उभे असतात, त्यांची उंची मोजा. ओतून झाल्यावर जाडी कोअर (यंत्रानं कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढूनच कळते.

मजबुतीसाठी १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघतात. २८ दिवसांचा अहवाल यायच्या आधीच अंतिम देयक निघालं असेल तर ती बातमी आहे. ओतल्यावर पहिले काही दिवस पाणी मारलं जातंय का, हेही पानावर यायला हवं. उन्हाळ्यात पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात त्या बहुधा पाणी उशिरा मारल्यानं, आणि त्या ठोकळ्याच्या अहवालात दिसत नाहीत.

कोर्टफी_१०

माहिती अधिकाराचं. महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. बरेचसे अर्ज इथंच फेटाळले जातात, कारण एकाच कागदावर रस्ता, पाणी आणि कचरा ठेका असं तिन्ही विचारलेलं असतं. तीन विषय असतील तर अर्जही तीन करा.

‘का’ विचारू नका. अधिकाऱ्यानं कारण तयार करून द्यायचं नसतं, असलेला कागद द्यायचा असतो. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ याला उत्तर येणार नाही. असं लिहा (यातलं मोजमाप पुस्तक म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवतात ती वही):

‘प्रभाग क्र. … मधील … पासून … पर्यंतच्या काँक्रीट रस्त्याच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने, ठोकळ्यांचे ७ व २८ दिवसांचे चाचणी अहवाल, आजवर अदा केलेली देयके. कालावधी: … ते …’

कालावधी टाकलाच पाहिजे. नाहीतर ‘माहिती मोघम आहे’ हे उत्तर ठरलेलं. प्रती २ रुपये पान. पानं शेकड्यांत असतील तर प्रतींऐवजी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून कागद बघणं, मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही. नस्ती (फाइल) बघून हवी तेवढीच पानं निवडा. कामाच्या जागेची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही कायद्यानं माहितीच्या अधिकारातच येतं. हे फार कमी लोक वापरतात.

मुदत ३० दिवस. प्रतींचे पैसे भरण्याचं पत्र आलं तर ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून लगेच भरा. मुदत उलटून माहिती दिली तर ती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील ‘जोडपत्र ब’ मध्ये, स्टॅम्प २० रुपयांचा. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं दुसरं अपील. आयोगाकडं वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी हलक्यात घेऊ नका. काय मिळालं, काय नाही, याचा दोन रकान्यांचा तक्ता घेऊन जा.

आवकजावक

कोर्टफी, मुद्दे सगळे बरोबर, पण आठवड्याच्या वार्तापत्राला ३० दिवसांचा रस्ता पहिला नसावा. एका ठरावाच्या प्रतीसाठी साधा अर्ज सभा लिपिकाकडं द्या, नक्कल शुल्क भरा, पोच घ्या. नकार मिळाला तर माहिती अधिकार आहेच. आणि पहिलाच अर्ज माहिती अधिकाराचा गेला की पुढं साध्या प्रश्नालाही ‘लेखी द्या’ ऐकावं लागतं, हे लक्षात असू द्या.

कोर्टफी_१०

ठरावापुरतं मान्य. मोजमाप पुस्तक आणि देयकांना मात्र तोंडी किंवा साध्या अर्जानं कुणी हात लावू देत नाही, तिथं पहिल्या दिवशीच अर्ज टाका.

गल्लीवार्ता

आवकजावक, मोजमापवही, कोर्टफी, तिघांनीही भरपूर दिलंत. अजून दोन गोष्टी. अर्थसंकल्पाची बातमी दरवर्षी ‘इतक्या कोटींचा, इतक्या लाखांचा शिलकी’ एवढीच येते. त्यात वाचकाच्या कामाचं काय असतं? आणि पाणीपुरवठा बंदची सूचना छापली तरी फोन येतातच, कारण सूचनेत मंगळवार असतो आणि आमच्याकडं पाणी जातं गुरुवारी.

रोजकीर्द

एकूण आकडा सोडून द्या. त्यात आरंभीची शिल्लक असते आणि येतील अशा आशेवर धरलेली अनुदानंही असतात. रकाने तीन बघा: गेल्या वर्षीचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचं सुधारित, पुढच्या वर्षीचं अपेक्षित. एखाद्या शीर्षाला (खर्चाच्या बाबीला) दरवर्षी मोठी रक्कम अपेक्षित आणि प्रत्यक्ष शून्याजवळ, असं दिसलं तर ते काम फक्त पुस्तकात आहे. नाट्यगृह, क्रीडा संकुल, भाजी मंडई ही अशी नेहमीची गिऱ्हाइकं.

मालमत्ता कराच्या वसुलीचा टक्का छापताना कशावर काढला ते विचारा. चालू मागणीवर काढलेला टक्का छान दिसतो, थकबाकी धरून केलेल्या एकूण मागणीवर तोच बराच खाली येतो. दोन्ही आकडे द्या. चतुर्थवार्षिक कर आकारणीचं वर्ष असेल तर हरकतीची शेवटची तारीख चौकटीत छापा. नोटीस हातात पडते तेव्हा मुदतीतले बरेच दिवस संपलेले असतात.

स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. तरतूद कागदावर असतेच. बघायचं ते मार्चअखेर खर्च किती झाला. वित्त आयोगाच्या निधीत बंधित आणि अबंधित असे भाग असतात. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच जातो, तेव्हा ‘वित्त आयोगाचे इतके पैसे पडून आहेत, चौक का सुशोभित होत नाही’ हा प्रश्न विचारण्याआधी तो कुठल्या भागातला आहे ते बघून घ्या.

लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. अहवालातले आक्षेप आणि त्यांवरचं अनुपालन (नगरपरिषदेनं केलेली पूर्तता) ही सगळ्यात दुर्लक्षित बातमी. कंटाळवाणी आहे, पण चार ओळींत बसते.

टाकी_नंबर_३

पाण्याचं गणित सूचनेत नसतं, ते तुम्ही घाला. उद्भवाजवळच्या (धरण किंवा नदीजवळच्या) जॅकवेलचा, म्हणजे पाणी उपसणाऱ्या पंपाच्या विहिरीचा, वीजपुरवठा मंगळवारी सहा तास बंद राहिला, तर जलशुद्धीकरण केंद्रात तेवढं कच्चं पाणी येत नाही आणि उंच टाक्या त्या दिवशी भरत नाहीत. मंगळवारी ज्यांची पाळी होती त्यांना बुधवारी पाणी जातं, बुधवारचे गुरुवारी सरकतात. एकदिवसाआड पुरवठा असेल तिथं पूर्ण चक्र जागेवर यायला दोन-तीन दिवस लागतात. लांबच्या आणि उंचावरच्या वस्तीला सगळ्यात उशिरा.

म्हणून पाणीपुरवठा विभागाला तीन गोष्टी विचारा: बंद कशासाठी (महावितरणचं काम, गळती, की व्हॉल्व्ह बदलणं), कुठल्या टाक्यांवर परिणाम, आणि बदललेलं वेळापत्रक कधीपर्यंत. मग बातमी वारावार न लिहिता टाकीनिहाय लिहा. त्यासाठी एकदाच बसून कुठली गल्ली कुठल्या टाकीवर आहे याची यादी करा. व्हॉल्व्हमनकडं ती तोंडपाठ असते. पुरवठा सुरू झाल्यावर पहिलं पाणी गढूळ येतं, कारण रिकाम्या नळीत बसलेला गाळ सुटतो. पहिली काही मिनिटं पाणी सोडून द्या, पिण्याचं उकळून घ्या, ही ओळ कायमची ठेवा. दुसऱ्या दिवशीही गढूळ किंवा वासाचं येत असेल तर ते वेगळं. तेव्हा गटाराजवळच्या गळतीचा संशय घ्यायचा आणि नमुना तपासणीची मागणी करायची.

मांडवपरवानगी

गणपती-नवरात्राच्या आधी हेही छापा. वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, कलम ४१क). रस्त्यावरच्या मांडवाला नगरपरिषद आणि पोलीस दोन्हींची परवानगी, विजेला महावितरणची तात्पुरती जोडणी. ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री १० पर्यंत. वर्षातून १५ दिवसांपर्यंत ती १२ वाजेपर्यंत वाढवता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तो आदेश आला की तारखांसकट जसाच्या तसा द्या. ‘यंदा सगळे दिवस सूट’ असली अफवा त्यानंच थांबते.

गल्लीवार्ता

टाकीनिहाय यादी या आठवड्यातच करतो. एक शेवटचं: विकास आराखड्याच्या हरकतींची बातमी कशी द्यायची? लोक विचारतात, माझ्या प्लॉटवर आरक्षण पडलं का.

आवकजावक

तुम्ही उत्तर देऊ नका, नकाशा कुठं बघायचा ते सांगा. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नकाशे नगरपरिषदेत पाहायला ठेवतात. सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशा घेऊन जायला सांगा. नकाशावर घर क्रमांक नसतो, त्यामुळं नुसता पत्ता सांगून काही सापडत नाही.

हरकत एका जागेसाठी एक, आरक्षण क्रमांकासह. ‘आरक्षण रद्द करावे’ एवढंच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही. जागेवर आधीच मंजूर बांधकाम आहे, शेजारी त्याच उपयोगाची मोकळी सरकारी जागा आहे, असं ठोस कारण आणि त्याचा कागद हवा. दोन प्रती करा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती परत आणा, सुनावणीच्या दिवशी तीच मागतात.